एकशे सदतीसच्या पुढं

वैशाख लागला की आमच्या घरामागच्या मंगल कार्यालयात दिवसाला दोन लग्नं लागतात. एक दुपारचं, एक गोरज मुहूर्तावरचं. त्यांच्या भटारखान्याच्या खिडक्या आमच्या परसाकडं उघडतात. सकाळी कांदा परतल्याचा वास येतो, दुपारी जिलेबीच्या पाकाचा आणि उन्हं कलली की ओल्या पत्रावळ्यांचा. मध्येच कुणीतरी माईक हातात घेतं आणि फुंकर मारून बघतं. कुणाचे मामा, कुणाच्या गावचे सरपंच. अशा वेळी मी उठून खिडकी लावून घेते. उकाड्यानं जीव नकोसा होतो, तरी लावते. मुलगी म्हणते, आई, तुला आता आवाज सहन होत नाही. मी हो म्हणते आणि विषय संपवते.

माझा नवरा सुभाष लग्नांचं शूटिंग करायचा. कोल्हापुरात रंकाळा स्टँडच्या समोर, एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतीवर नवरानवरींचे मोठे फोटो. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, टीव्ही आणि मी. सुभाष टेप भरून आणायचा, मी त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचे. ते काम घाईनं होत नाही. तासाची टेप उतरायला तासच लागतो. लग्न जेवढ्या वेळात लागलं तेवढ्याच वेळात ते पुन्हा माझ्यासमोर लागायचं, अक्षता पुन्हा पडायच्या, नवरीची आई पुन्हा रडायची. खाली हॉटेलात भजी तळली जायची, समोर गगनबावड्याच्या गाड्या लागायच्या, कंडक्टर ओरडायचे, आणि मी ओळखपाळख नसलेल्या माणसांची लग्नं बघत मटार सोलायचे.

लग्नसराईला तिचा असा एक वास असतो. तो सुभाषच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत साचायचा. हळद, कोमेजलेला मोगरा, जनरेटरचा धूर आणि हॅलोजनच्या दिव्याखाली तापलेलं प्लास्टिक. बॅग झटकली की तळातून तांदळाचे रंगीत दाणे पडायचे. ज्येष्ठ संपेपर्यंत ते घरभर असायचे, पायाला टोचायचे, गादीखाली निघायचे.

कॉम्प्युटर आमच्याकडं नव्वदच्या दशकाच्या शेवटी आला. तो बसवराजनं जोडून दिला. बसवराज मूळचा संकेश्वरकडचा, लिंगायत घरातला. वडिलांची तिकडं मिरचीची अडत होती. हा मात्र गादीवर बसायला तयार नव्हता. राजारामपुरीत त्यानं कॉम्प्युटर जोडायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. घरी कानडी, दुकानात मराठी. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा. मशीन उघडून बसला की तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचा ते कानडीत.

तेव्हा एकदा आम्ही मोठी हार्ड डिस्क घेतली. तेरा जीबीची. आज हे सांगताना हसू येतं, पण त्या काळी ती मोठीच होती. बसवराजनं ती आत बसवली, मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर आठच दिसायला लागले. पुन्हा बसवली, पुन्हा आठ. डिस्क तर चांगली होती. मशीनलाच आठाच्या पुढचं दिसत नव्हतं. ज्यांनी ही मशीन बनवली त्यांनी जागेचा पत्ता लिहायला जेवढे आकडे ठेवले होते तेवढे आठापाशी संपत होते. त्याच्याही आधी, बसवराज सांगायचा, अशीच एक भिंत अर्ध्या जीबीपाशी होती. मग दोनपाशी. दर दोन-तीन वर्षांनी भिंत यायची, कुणीतरी ती पाडायचं, आणि थोडं पुढं गेलं की पुन्हा भिंत. दर वेळी बनवणाऱ्यांना वाटलेलं असायचं, एवढं कुणाला लागणार आहे.

त्या दुपारी आम्ही खूप हसलो. सुभाष म्हणाला, आमच्या मशीनला चाळिशी लागली, चष्मा आणा. बसवराजनं दोन-तीन दिवस खटपट करून काहीतरी उपाय केला आणि उरलेली जागाही दिसायला लागली. मला ती दुपार अजून आठवते, कारण तेव्हा काहीच बिघडलं नव्हतं. मशीननं सरळ सांगितलं होतं, मला पुढचं दिसत नाही. ज्याला आपल्याला दिसत नाही हे कळतं, त्याच्यापासून फारसा धोका नसतो.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, एका लग्नसराईच्या तोंडावर, एकशे साठ जीबीची डिस्क आली. लग्नांचा धडाका मोठा होता आणि आमची जुनी डिस्क दर आठवड्याला भरायची. काम उरकून सीडी करून दिल्याशिवाय नवीन टेप उतरवता यायची नाही. बसवराजनं नवी डिस्क आधी त्याच्या दुकानातल्या नव्या मशीनवर तयार केली, तपासली आणि मग आणून आमच्या जुन्या मशीनमध्ये बसवली. या वेळी पडद्यावर सगळी जागा दिसली. कुठं अडलं नाही, कुठं भिंत आली नाही. सुभाषनं खालच्या हॉटेलातून गरम भजी मागवली. आता सगळी सराई एका जागी मावेल, तो म्हणाला, पाऊस लागला की निवांत एकेक लग्न काढायचं आणि मन लावून करायचं.

टेपा तर आम्ही फिरवून वापरायचो. सगळेच वापरायचे. एक लग्न डिस्कवर उतरलं की ती टेप परत बॅगेत जायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर दुसरं लग्न चढायचं.

त्या सराईत मी एकाच लग्नाला गेले. गगनबावड्याच्या अलीकडं, घाटमाथ्यावरच्या एका खेड्यात. मुलीचे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, गगनबावडा-कोल्हापूर गाडीवर. गणपत ड्रायव्हर म्हणूनच सगळे ओळखायचे. गाडी स्टँडला लावून चहाला आमच्या खालच्या हॉटेलात यायचे, म्हणून ओळख. त्यांनी सुभाषला सांगितलं होतं की नवरीच्या खोलीत बाईमाणूस कॅमेरा घेऊन आलं तर बरं, पोरीबाळी मोकळ्या राहतात. म्हणून मी गेले.

गणपत ड्रायव्हरांचा आवाज मोठा होता. आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी बसून बोललेला माणूस, त्याला हळू बोलता येत नाही. कुजबुजायला लागले तरी ओसरीवर ऐकू जायचं. मात्र माईक त्यांनी उभ्या जन्मात हातात घेतला नव्हता. अक्षता पडल्यावर कुणीतरी बळंच त्यांच्या हातात दिला, पाहुण्यांना दोन शब्द बोला म्हणून. त्यांनी जेवायला बसून घ्या, कुणी उपाशी जाऊ नगा, एवढं सांगितलं आणि थांबले. पुढं काय बोलायचं सुचेना. माईक हातात आहे हे ते विसरलेच. स्टेजवर बसलेल्या मुलीकडं वळून म्हणाले,

"सुजे, तू जेवलीस का गं?"

सगळ्या मांडवात, रस्त्यावर, पलीकडच्या आळीत ते ऐकू गेलं. माणसं पोट धरून हसली. सुजाता मुंडावळ्यांआडून हसता हसता रडायला लागली आणि तिनं मानेनंच नाही म्हणून सांगितलं. सुभाषच्या कॅमेऱ्यात ते सगळं आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी टेप उतरवून घेताना ते पुन्हा पाहिलं, आणि एकटीच हसले.

ज्येष्ठाच्या शेवटाला, सराईतलं शेवटचं लग्न मी उतरवत होते. मृगाचा पाऊस पडत होता, खालून पत्र्यावर ताशा वाजल्यासारखा आवाज येत होता. चुडा भरायचा कार्यक्रम चालला होता पडद्यावर. कासार नवरीचा हात दाबून बांगडी चढवत होता, आणि चित्र थांबलं. बांगडी बोटांच्या सांध्यापाशीच राहिली. मी थोडी वाट पाहिली, मग मशीन बंद करून परत सुरू केलं. नवी डिस्क उघडायला गेले तर इंग्रजीत एक ओळ आली. ही डिस्क कोरी आहे, तयार करून घेऊ का, असं ती विचारत होती. खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि सुभाषला हाक मारली.

बसवराज भर पावसात स्कूटरवरून आला, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून. त्यानं काही उघडायच्या आधीच मला विचारलं, अक्का, किती भरली होती? मी सांगितलं. तो कानडीत आकडे मोजत गेला, मोजता मोजता थांबला, आणि खुर्चीत बसला. पिशवी डोक्यावरून काढायचं त्याला सुचलं नाही.

मग त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. ते मला आजही तसंच्या तसं आठवतं, कारण इतकं सोपं काही असेल असं वाटलं नव्हतं.

"स्कूटरचं मीटर बघा अक्का," तो म्हणाला. "सगळे नऊ झाले की पुढं काय येतं? सगळी शून्यं. ह्या मशीनचं तसंच हाय. एकशे सदतीस जीबीपर्यंतच त्याला पत्ता लिहिता येतो. त्याच्या पुढचा आकडा त्याच्याकडं न्हाईच. पुढचं लग्न ठेवायला गेलं आणि पत्ता शून्याचा निघाला. त्यानं जाऊन अगदी पहिल्या जागेवर लिहिलं. जिथं कुठं काय ठेवलंय त्याची सगळी खूण असते, तिथंच."

सुभाषनं विचारलं, पण जागा तर सगळी दिसत होती. बसवराज म्हणाला, ती त्याच्या दुकानातल्या नव्या मशीननं आखून दिलेली होती म्हणून दिसत होती. आमच्या मशीननं आखणीवर विश्वास ठेवला. त्याला मोजता येत नव्हतं, आणि मोजता येत नाही हेही कळत नव्हतं. बांगड्यांचा चुडा तेवढा पहिल्या जागेवर जाऊन बसला होता. त्याच्याखाली पाडव्यापासूनची सगळी सराई गेली होती.

पुढं बऱ्याच दिवसांनी बसवराजला कळलं की यावर एक उपाय होता. छोटीशी दुरुस्ती, फुकट मिळणारी, मशीनमध्ये घातली असती तर ते एकशे सदतीसच्या पलीकडं मोजायला शिकलं असतं. आमची डिस्क यायच्या आधीच ती निघाली होती. मुंबईपुण्याला लोक ती वापरतही होते. राजारामपुरीपर्यंत ती पोचली नव्हती. त्यानं हे आम्हाला येऊन सांगितलं. मला वाटतं, तो ते न सांगता तर बरं झालं असतं. उपाय नव्हताच, असं समजून माणूस कसाबसा जगतो.

मग सुभाष घरोघर गेला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. कुणी दारातूनच परत पाठवलं, कुणी चारचौघांत नको ते बोललं. त्यानं ऐकून घेतलं. मुरगूडच्या एका घरात मात्र वेगळंच झालं. त्यांनी आधी भांडून घेतलं आणि मग ठरवलं की लग्न परत काढायचं. हॉल भरपावसात पुन्हा घेतला, नवरानवरीला पुन्हा शालू-फेटा चढवला, भटजींना बोलावलं. पाहुणे म्हणून भावकीतली वीसएक माणसं होती, ती मागंपुढं होऊन गर्दी करत होती. नवरीची चोळी अंगात बसेना, तिला दिवस गेले होते. सुभाषनं सगळं शूट केलं. मी ते उतरवून घेतलं तेव्हा पाहिलं, पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईला रडायला सांगत होते आणि तिला काही केल्या रडू येत नव्हतं. ती कॅमेऱ्याकडं बघून सारखी माफी मागितल्यासारखं हसत होती. त्या घरानं ती सीडी कधी बघितली असेल असं मला वाटत नाही.

गणपत ड्रायव्हरांकडं जायचं तेवढं राहिलं होतं. आषाढ लागला होता, तिकडं पाऊस म्हणजे दार उघडता येत नाही असा. तेच एक दिवस आले. गाडी लावली, चहा घेतला आणि जिना चढून काउंटरपाशी येऊन उभे राहिले. खाकी शर्ट खांद्यावर भिजलेला. सुभाषनं त्यांना सगळं सांगितलं, डोकं खाली घालून. मी मागच्या खोलीच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता इमारत हलणार. त्यांनी ऐकून घेतलं, टोपी काढून पुसली आणि म्हणाले,

"जाऊ द्या हो पावणं. लगीन झालं न्हवं? पोरगी सासरी नांदतीया. माणसं हायती की सगळी, मग चित्राचं काय घिऊन बसलाय?"

आणि हसले. खालच्या हॉटेलातला गल्ल्यावरचा माणूस मान वर करून बघायला लागला, एवढ्या मोठ्यानं. जाताना मला म्हणाले, वैनी, ह्येंला काळजी करू दिऊ नगा. त्या दिवशी सुभाष कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

श्रावणात ते गेले. ड्युटीवरून घरी आले, अंगण ओलांडताना छातीत कळ आली, बसले, ते उठलेच नाहीत. आम्हाला खालच्या हॉटेलात समजलं. गगनबावड्याची गाडी नेहमीसारखी लागली होती आणि स्टिअरिंगवर दुसराच कुणी बसला होता.

दसऱ्याच्या सुमाराला सुजाता आली. बरोबर नवरा होता, तो खालीच थांबला. ती काउंटरपाशी न थांबता आत माझ्याकडं आली आणि स्टुलावर बसली. तिला सगळं ठाऊक होतं, वडिलांनीच सांगितलेलं होतं. तरी ती विचारायला आली होती. थोडंसं काहीतरी राहिलं असेल, कुठल्या टेपेच्या कोपऱ्यात. तो माईकवरचा तुकडा तरी.

"फोटो हायती काकी," ती म्हणाली. "एस.टी.च्या पासवरचा हाय, लग्नातलं हायती. आवाज न्हाय कुटं."

मी तिला सांगितलं की डिस्क पुण्याला पाठवली आहे, बसवराज स्वतः घेऊन गेलाय, तिथं पुसलेलं शोधून काढणारी माणसं असतात. ते खरं होतं. पण माझ्या बोलण्यात जेवढी आशा होती तेवढी माझ्या मनात नव्हती. मग तिला बरं वाटावं म्हणून मी तिचे वडील आमच्याकडं येऊन काय म्हणाले ते सांगितलं. माणसं हायती की सगळी, असं म्हणाले म्हणून. ती ऐकताना एकदम पुढं सरकली.

"कसं म्हनालं?"

मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली. शब्द नको होते तिला. हसत म्हनालं काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, हसत. मोठ्यानं? मोठ्यानं. मग तिनं मला सांगितलं, त्यांच्यासारखं म्हणून दाखवा. मी प्रयत्न केला. खरंच केला. त्यांचा आवाज माझ्या कानात त्या क्षणी अगदी स्पष्ट होता, घशात जरा खरखर, वाक्याच्या शेवटाला वर जाणारा. पण तोंडातून निघाला तो माझाच, मध्यमवयीन बाईचा, शाळेत शिकल्यासारखा. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, राहू द्या काकी.

ती गेल्यावर मी माझ्या स्वतःच्या वडिलांचा आवाज आठवायला बसले. चेहरा आला, धोतराचा सोगा आला, तंबाखू मळायची लकब आली. ते बोलत होते तेही दिसलं. आवाज आला नाही. कधी गेला, कळलंसुद्धा नव्हतं. माणूस गेल्यावर सगळ्यात आधी आवाज जातो, आणि तो गेल्याचं आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. मला वाटतं, आपल्या आतही पत्ते कुठंतरी संपत असतील. नवीन काही येऊन बसतं आणि ते कशावर बसलं हे विचारायची पद्धत नाही.

बसवराजनं पुढं दुकान बंद केलं. कुणी त्याला बंद कर म्हणालं नव्हतं. सुभाषनं तर एका शब्दानं दोष दिला नाही. पण प्रत्येक नवी डिस्क बसवताना त्याचा हात थांबायला लागला. गिऱ्हाईक बसून राहायचं आणि हा पुन्हा पुन्हा तपासत राहायचा. शेवटी तो संकेश्वरला जाऊन वडिलांच्या गादीवर बसला. मधे एकदा भेटला होता. मिरचीच्या खकाण्यानं डोळे लाल झालेले. म्हणाला, आता मशीनं सुधारली अक्का, आता ती भिंत इतकी लांब गेलीय की कुणी तिथवर पोचणार न्हाय.

सुभाषनं आणखी दोन सराया काढल्या. टेपा फिरवून वापरणं सोडलं, प्रत्येक टेप जपून ठेवायला लागला. कपाट भरलं, माळा भरला. पण लग्नात कॅमेरा खांद्यावर असताना तो बघायचा बंद झाला होता. फ्रेममधून माणसं निसटायची, नवरीऐवजी मांडवाचा खांब यायचा. मग त्यानं कॅमेरा विकला. आज कुणाच्या लग्नाला गेलो आणि पोरं मोबाईल वर धरून उभी राहिली की तो जेवणाच्या पंगतीकडं वळतो.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, पुण्याहून डिस्क परत आली. सोबत एका सीडीवर मावतील एवढे तुकडे. कुणाच्या मंगलाष्टका नुसत्याच, चित्राशिवाय. कुणाच्या रुखवताचे लाडू. एका घोड्याचे पाय. ते कुणाचं काय आहे हे ओळखायला आम्ही दोघं दुपारभर बसलो. माईक नव्हता. स्टेज नव्हतं. पण सुजाताच्या हळदीचा एक तुकडा निघाला, मिनिटभराचाही नसेल, आणि त्यात गणपत ड्रायव्हर होते.

आम्ही तो घेऊन गेलो. भात कापणीला आला होता, रस्त्याच्या दोन्ही अंगाला पिवळं झालं होतं, आणि घाटाकडून धुकं वर येत होतं. सुजाता माहेरी आलेली होती. शेजारून सीडीचा प्लेअर आणून ठेवला होता, आणि त्या बातमीनं आळीतल्या बायकाही जमल्या होत्या. सुजाताची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं आम्हाला चहा विचारला.

तुकडा लागला. घरापुढचं अंगण, ओल्या हळदीनं माखलेल्या बायका, आणि एका बाजूला हलगीवाले. ते रंगात येऊन वाजवत होते. त्यांच्या मागं बंडीतले गणपत ड्रायव्हर मांडवाच्या खांबाला आंब्याचे टहाळे बांधत होते. बांधता बांधता ते वळले, कुणाकडं तरी बघून काहीतरी म्हणाले. एक-दोन शब्द नाही, चांगलं बोलले. हात हलवून, मधे हसून. कोण समोर होतं ते दिसत नाही. काय म्हणाले तेही कळत नाही. हलगीच्या आवाजात सगळं बुडून गेलं होतं. मग तुकडा तुटला.

सुजातानं परत लावला. बायकांनी कान दिले. एक म्हणाली, सुतळी मागत्यात. दुसरी म्हणाली, न्हाय, च्या सांगायला लागल्यात. परत लावला. परत. सुजाता टीव्हीला तोंड लावल्यासारखी बसली होती, आणि मला ठाऊक होतं की त्यात काही नाही. मी घरी तो कितीतरी वेळा ऐकला होता.

"बारीक कर आवाज," सुजाताची आई म्हणाली.

सुजातानं रिमोट घेऊन आवाज कमी केला. हलगी जरा मागं गेली.

"आनि बारीक कर. हलगी जाऊ दे सगळी. मग ह्येंचं ऐकू ईल."

सुभाषनं माझ्याकडं बघितलं. सुजातानं आईकडं एकदा पाहिलं, आणि बोट बटणावर दाबून धरलं. हलगी लहान होत गेली, मग नुसता ठेका राहिला, मग तोही गेला. खोलीत काही आवाज उरला नाही. पडद्यावर गणपत ड्रायव्हर वळले, हात हलवून बोलायला लागले. त्यांच्या बायकोनं पदर कानामागं सारला आणि ती सरकत टीव्हीच्या आणखी जवळ गेली.